कल्याणची लेक आणि परमुलखातला बाजार

मागच्या पावसाळ्यात, मृग लागून आठ-दहा दिवस झाले असतील, आम्ही गटातल्या पाचजणी कल्याण स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसलो होतो. शेवळं होती, काकडं होती, थोडा टाकळा आणि कुर्डू. पहाटेच्या गाडीच्या लगेज डब्यातून पाट्या आणायच्या, फडकं अंथरायचं, वाटे लावायचे आणि भवानीची वाट बघायची, हा आमचा नेहमीचा क्रम. तेवढ्यात डोंबिवलीच्या एक आजी आल्या. शेवळांचे तीन वाटे घेतले आणि तिथेच उभ्या राहून बोलायला लागल्या. लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "तिकडेही शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो गं. मी दर शनिवारी जायचे. माठासारखी लाल पानं दिसली तर हात लावून बघितली. भाषा येत नाही, मग बोटांनी दाखवायचं. बाजारात गेलं की परकं वाटत नाही, पण घरी आणून चुलीवर ठेवलं की कळतं आपण कुठे आहोत ते."

आजी गेल्या. मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "आता तिकडे सगळं मिळतं म्हणतात. पण पहिल्यांदा ज्या बाया गेल्या असतील, त्यांनी खाल्लं काय असेल?"

प्रश्न साधा होता, पण कुणालाच उत्तर देता आलं नाही. आमच्यात एकीने इतिहास घेऊन बी.ए. केलंय, म्हणून उत्तर शोधायचं काम तिच्यावर आलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तिथे जाऊन पुस्तकं काढली. गटाच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की एक-दोन पानं मोठ्याने वाचायची, असं चार महिने चाललं. त्यातून जे हाती आलं ते आज रेडिओवरून तुम्हाला सांगतोय.

पहिल्यांदा कळलं ते उलटंच. आपण परदेशी बाजारात जायच्या कितीतरी आधी परदेशी लोक आपल्या बाजारात येत होते. कल्याण हे जुनं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती देणारं पुस्तक लिहिलं, त्यात कल्याणचं नाव 'कल्लिएना' असं आहे. तो सांगतो की पूर्वी ही राजमान्य बाजारपेठ होती, पण राज्य बदललं आणि आता इथे ग्रीक जहाज लागलंच तर ते पहारा बसवून भडोचला पाठवतात. म्हणजे बाजाराच्या जागेवरून भांडण आणि माल दुसरीकडे वळवणं हे दोन हजार वर्षांपूर्वीही होतं. हे वाचलं तेव्हा आमच्या बाया खूप हसल्या, कारण त्याच आठवड्यात आमच्या पाट्या तिसऱ्यांदा उचलल्या गेल्या होत्या. कान्हेरीच्या लेण्यांत दान दिलेल्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात कल्याणचे व्यापारी आहेत. पुढे सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या प्रवाशाने कल्याणहून तांबं-पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जातं असं लिहिलं.

पण खाण्याचं कुणी लिहिलं? ते सापडलं ठाण्यात. १३२१ साली युरोपातून काही ख्रिस्ती साधू समुद्रमार्गाने ठाण्याला उतरले. त्यांतल्या चौघांना इथेच मारलं गेलं. ती वादाची आणि रक्तपाताची गोष्ट वेगळी आहे, तिच्यात आज शिरत नाही. त्यांच्यासोबत आलेला जोर्डानस नावाचा फ्रेंच साधू वाचला. ठाणे-सोपारा भागात राहिला, दक्षिणेकडेही गेला आणि पुढे त्याने हिंदुस्थानातल्या नवलांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याला नवल कशाचं वाटलं? फणसाचं! एवढं मोठं फळ की एकात पाच माणसांचं पोट भरतं, असं तो लिहितो. आंब्याला त्याने 'अनिबा' म्हटलंय आणि त्याची गोडी शब्दांत सांगताच येत नाही, अशी कबुली दिलीय. नारळापासून तेल, दूध, दोर कसं सगळं निघतं तेही त्याने नीट पाहून लिहिलं.

त्याच्यामागून थोड्याच दिवसांत ओडोरिक नावाचा दुसरा साधू ठाण्याला आला. या गावात खाण्यापिण्याची आणि झाडांची रेलचेल आहे, असं तो म्हणतो. आणि पुढे लिहितो, इथले उंदीर कुत्र्याएवढे आहेत, मांजरांना ते आवरत नाहीत, त्यांना पकडायला कुत्रीच लागतात. ही घूस हो! सातशे वर्षं झाली, ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात आजही विचारा, धान्याच्या पोत्याखालून काय पळतं ते.

आता एक गंमत करू. जोर्डानसच्या काळात ठाण्याच्या बाजारात आपण फेरी मारली असती तर पाटीत काय काय दिसलं नसतं? मिरची नाही. बटाटा नाही. टोमॅटो नाही. शेंगदाणे, मका, रताळं, लाल भोपळा, श्रावणघेवडा, पेरू, पपई, काजू, अननस, सीताफळ यांतलं काहीच नाही. तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. ही सगळी वाणं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा आपल्याकडे आला १४९८ साली आणि मग पोर्तुगीजांच्या गलबतांतून त्यांतली बरीचशी रोपं-बिया आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा पट्टा १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, ते इथे होते. नावं बघा ना: बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, पाव हे सगळे शब्द पोर्तुगीज बोलीतून आलेत. मिरचीला मात्र आपण आपल्या मिऱ्याचं नाव देऊन घरात घेतलं.

हे वाचल्यावर बैठकीत एकदम शांतता पसरली, कारण त्या दिवशी एकादशी होती. समोर साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बाजूला उकडलेली रताळी. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आम्ही ज्या ताटाला सगळ्यांत सोवळं समजत होतो ते जवळजवळ सगळंच समुद्रापलीकडून आलेलं! आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मग वरई तेवढी आपली." काकूंनी पुढच्या एकादशीपासून वरईच धरली. बाकीच्यांनी खिचडी सोडली नाही, हेही खरं.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्यांदा ज्या बाया गेल्या त्यांनी काय खाल्लं? यासाठी आम्हाला लांब जावं लागलंच नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या. पारनाक्यावरच्या जोशांच्या घरातली मुलगी, माहेरचं नाव यमुना. ३१ मार्च १८६५ चा जन्म. नऊ वर्षांची असताना लग्न झालं. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, तिच्याहून खूप मोठे आणि बिजवर. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली की त्यांचा पारा चढायचा, असं सांगितलं जातं. आजूबाजूच्या घरांत बायको स्वयंपाक करत नाही म्हणून मार खायची, इथे स्वयंपाक करते म्हणून. गोपाळरावांनी लहानपणी मारझोड केली हे तिने स्वतःच पुढे पत्रात लिहून ठेवलंय, म्हणून नवऱ्याचं नुसतं कौतुक आम्ही करणार नाही.

चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हे तिथून तिच्या मनात बसलं. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कारपेंटरबाईंनी वाचलं आणि त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. इथेच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? त्यांचं सांगणं असं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, पोशाख आणि खाणंपिणं बदलणार नाही. तेव्हा समुद्र ओलांडणं हाच दोष धरत होते आणि दोषातला मोठा भाग खाण्याचा होता. कुणाच्या हातचं खाल्लंस, कशात शिजवलेलं खाल्लंस? म्हणजे बोटीवर पाय ठेवायच्या आधीच या अठरा वर्षांच्या मुलीचं ताट चव्हाट्यावर आलं होतं. तिने काय शिकावं यापेक्षा तिने काय खावं याचीच चर्चा जास्त.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, सोबतीला नवरा नाही. रोझेलला कारपेंटरबाईंच्या घरी मात्र त्या रमल्या. तिथे स्वतः रांधून त्या घरच्या मंडळींना आपल्या पद्धतीचं जेवण वाढलं, त्या घरातल्या बायकांना साडी नेसवली, बांगड्या भरल्या. स्वयंपाकघर मिळालं की बाई कुठेही उभी राहते, हे आम्हाला इथे फार जाणवलं.

खरी अडचण सुरू झाली ती फिलाडेल्फियात. तिथल्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांनी नाव घातलं. पहाटेपासून अभ्यास, अंगावर नऊवारी, बाहेर बर्फ. घोटे उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. खोलीतली शेगडी धूर ओकायची. पेटवली तर धूर आणि विझवली तर थंडी, असं चरित्रांमधून येतं. आणि जेवण? शाकाहार सोडायचा नाही आणि स्वयंपाकाला वेळ नाही. आपल्यापैकी ज्या पहाटे चारला उठून गाडी धरतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री घरी आल्यावर घरच्यांसाठी आपण रांधतो, पण एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. मग चहा-बिस्किटावर झोपतो. तिथे तर तेही हक्काचं नव्हतं.

आता हे बघा. फिलाडेल्फियात बाजार नव्हता असं नाही. चांगला भरलेला बाजार होता. त्या काळात शहराच्या मध्यावर, मार्केट स्ट्रीट नावाच्याच रस्त्यावर, बाराव्या गल्लीशी दोन मोठे बाजार होते. आसपासच्या गावांतले शेतकरी लोणी, अंडी, भाजी, फळं घेऊन तिथे यायचे. आणि तिथे काय होतं? बटाटा, मका, लाल भोपळा, रताळी, घेवडा. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून निघून गोव्या-वसईमार्गे कल्याणच्या स्वयंपाकघरात जे आलं होतं, त्याच्याच माहेरी ही कल्याणची मुलगी येऊन पोचली होती. एकादशीच्या ताटाचं निम्मं सामान त्या बाजारात मिळत होतं! काय नव्हतं, तर ते जेवण जोडणारी वस्तू नव्हती: तुरीची डाळ, कोकम, गोडा मसाला. आणि चार बायांनी मिळून रांधायचं घर नव्हतं. भाजी आहे आणि जेवण नाही, अशी ती गत. डोंबिवलीच्या आजी जे चुलीवर कळतं म्हणाल्या ते हेच.

प्रकृती ढासळत गेली. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंध लिहिला होता तो बाळंतपणावर, आपल्या जुन्या वैद्यकात त्याबद्दल काय सांगितलंय यावर. पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिथे गेल्या होत्या. परमुलखात दोन मराठी बाया एकमेकींना भेटल्या. रमाबाईही शाकाहारीच. (रमाबाई पुढे दोन वर्षं अमेरिकेत फिरल्या आणि परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं तेही ११ मार्चलाच, १८८९ साली. ही तारीख आमच्या गटाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.)

आनंदीबाईंना क्षय झाला होता. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमच्या बैठकीत लगेच सूर निघाला की खाण्याचा हट्ट केला म्हणून बाई गेली. तसं नाही. क्षय जंतूंमुळे होतो. जर्मनीतल्या कॉख नावाच्या डॉक्टरने तो जंतू शोधल्याचं १८८२ साली जाहीर केलं, म्हणजे आनंदीबाई बोटीत चढायच्या फक्त एक वर्ष आधी. त्यावर औषध यायला आणखी साठ वर्षं जायची होती. पण अर्धपोटी, थंडीने आणि धुराने खंगलेल्या शरीरात तो जंतू लवकर हातपाय पसरतो, हेही तितकंच खरं. आपल्या तालुक्यात आजही क्षयाच्या गोळ्यांबरोबर पोटभर खा म्हणून सांगतात ते उगाच नाही. आमच्या गटातल्या एका सुनेने हे ऐकल्यावर बैठकीतच सांगितलं, की घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर तिच्या वाटेला भात उरतो, कालवण नाही. ती असं काही कधी बोलली नव्हती. सासूही तिथेच बसली होती. पुढच्या महिन्यापासून त्या घरात दोघी एकत्र जेवायला बसतात.

१८८६ च्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची नेमणूक त्यांची वाट बघत होती, पण तिथे जाणं झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत कारपेंटरमावशींकडे पाठवली गेली आणि पुकीप्सी गावच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली आहे. आमच्यातल्या बऱ्याचजणींना आनंदीबाई ठाऊक होत्या त्या सिनेमामुळे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरीही एकीने वाचली होती. पण कादंबरी ती कादंबरी. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र मिळालं तर जरूर वाचा. एका बाईने दुसऱ्या बाईचं लिहिलंय, त्यात जेवणाखाण्याकडेही लक्ष आहे.

फिलाडेल्फियाच्या त्या बाजाराचं पुढे काय झालं तेही आम्हाला कळलं आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेल्वे कंपनीला नेमकी तीच जागा स्टेशनासाठी हवी होती. विक्रेते हटायला तयार होईनात. शेवटी तडजोड अशी झाली की स्टेशन वर बांधायचं आणि बाजार खाली ठेवायचा. १८९३ साली तो नवा बाजार भरू लागला, वर आगगाड्या आणि खाली भाजी. रीडिंग टर्मिनल मार्केट त्याचं नाव. १९८४ मध्ये वरच्या गाड्या बंद झाल्या. बाजार अजून आहे.

आमच्या कल्याणला आगगाडी आली १ मे १८५४ ला, मुंबई-ठाण्यानंतर एका वर्षाने. बाजारही तिच्याभोवतीच वाढला, पण पाटीवालीला जागा कुणी धरून ठेवली नाही. आता २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. शहराच्या फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांच्या, असं त्यात लिहिलंय. आम्ही त्या कायद्याचा मराठी कागद मिळवला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटीखाली ठेवला आणि फिलाडेल्फियाची गोष्ट अर्ज घेणाऱ्या साहेबांनाही सांगून आलो. त्यांनी अर्जावर शिक्का दिला. जागा अजून मिळाली नाही.

आणि आजकाल परदेशात काय मिळतं, तर खरंच खूप मिळतं. १९६५ साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांचा कायदा बदलला, आपले लोक मोठ्या संख्येने जायला लागले आणि १९७४ मध्ये शिकागोत पटेल बंधूंनी एक छोटं किराणा दुकान काढलं. आज त्यांची दुकानं त्या देशभर आहेत. तूरडाळ, कोकम, गोडा मसाला, आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते सगळं फळीवर मांडलेलं असतं. आमच्या गटाचं मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व डोंबिवलीतल्या किती बॅगांतून तिकडे गेलंय त्याची तर मोजदादच नाही.

शेवळं मात्र तिकडे नाहीत. चार महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, त्याच आजी पुन्हा आल्या. आता शेवळं कुठली मिळायला? पण त्यांना भाजी नको होती, कृती हवी होती. त्यांनी जूनमध्ये नेलेल्यातली थोडी वाळवून ठेवली होती, लेक आली की तिच्याबरोबर द्यायला. आम्ही वहीचं पान फाडून लिहून दिलं: आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. बारीक चिरायचं, काकडांच्या रसात शिजवायचं, वाल घालायचे.

त्यांनी वाचलं आणि विचारलं, "तिला काकडं कुठून मिळणार? मग काय घालायचं?"

चिंच, आम्ही म्हटलं. ती तिकडे मिळते ना?

"मिळते," आजी म्हणाल्या आणि तेही कागदावर लिहून घेतलं.